पुस्तक भिशी, वाढदिवस आणि हाताने केलेल्या भेटी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुस्तक भिशी चालवणाऱ्या घरांतून आणि सोसायट्यांतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. सभासदांच्या वाढदिवसाला काय द्यायचं आणि ते हाताने कसं करायचं, हा त्यातला मोठा भाग आहे. आमचं मत आधीच सांगून ठेवतो. वाचणाऱ्या माणसाला रोज हाताळता येईल अशी वस्तू द्यावी: वही, पुस्तकाचं कव्हर, पानात ठेवायची खूण. आणि ती पक्की शिवलेली, नीट चिकटवलेली असावी. घरी केलंय म्हणून कच्चं चालेल, असं आम्ही मानत नाही.

पुस्तक भिशी आणि वाचन गट यांत फरक काय?

पुस्तक भिशी नेहमीच्या भिशीसारखीच चालते. दरमहा सगळ्यांनी ठरलेली रक्कम काढायची, चिठ्ठी टाकायची आणि ज्यांचं नाव निघेल त्यांना पैशांऐवजी पुस्तकं घ्यायची. बारा जणांनी दोनशे रुपये काढले तर चोवीसशे जमतात, आणि त्यात मध्यम आकाराची पाच-सहा मराठी पुस्तकं आरामात येतात. पुस्तकं चिठ्ठी लागलेल्याच्या मालकीची, पण वर्ष संपेपर्यंत ती गटात फिरतात. एकदा निघालेलं नाव उरलेल्या वर्षासाठी बाजूला ठेवायचं.

वाचन गटात सगळे एकच पुस्तक वाचतात आणि त्यावर बोलतात. दोन्ही जोडायचं असेल तर एक हिशेब ध्यानात घ्या: तीनशे पानांचं पुस्तक एकाकडे साधारण आठ दिवस राहतं, म्हणजे एका प्रतीवर महिन्यात चौघंच वाचतात. बारा जणांना तीन प्रती लागतात. एक भिशीतून घ्या, एक ग्रंथालयातून आणा, एक कुणाच्या तरी कपाटात सापडतेच.

रक्कम कुणाकडे साठवून ठेवू नका. ज्या आठवड्यात चिठ्ठी, त्याच आठवड्यात खरेदी आणि दुकानाच्या बिलाचा फोटो गटावर. भिशी मोडते ती बहुतेक वेळा पैशाच्या हिशेबावरून, पुस्तकांवरून नाही.

चिठ्ठीऐवजी वाढदिवसाप्रमाणे नंबर लावले तर?

फार छान चालतं. ज्यांचा वाढदिवस त्या महिन्यात, त्यांची त्या महिन्याची भिशी. पुस्तकंही त्यांनीच निवडायची. फक्त वर्षाच्या सुरुवातीला सगळ्यांच्या तारखा कागदावर मांडून बघा. साठीच्या पुढचे सभासद बरेच असतील तर जून महिन्यात गर्दी दिसेल, कारण त्या काळी शाळेत नाव घालताना गुरुजी सर्रास १ जून ही जन्मतारीख टाकत. अशा वेळी कागदावरची तारीख सोडा आणि खरा महिना विचारा. आषाढी एकादशीच्या आसपास, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, अशी उत्तरं येतात आणि त्यावरून महिना बरोबर लागतो. तरीही एका महिन्यात दोघं आलेच, तर मोकळ्या महिन्यात एकाला सरकवायचं, ते त्यांना विचारून.

किती जण असावेत?

आठ ते बारा. सहापेक्षा कमी असले आणि दोघांना अडचण आली की बैठकच होत नाही. दीड तासाच्या बैठकीत बारा जणांना पाच-पाच मिनिटं दिली तर तास जातो आणि मोकळ्या चर्चेला अर्धा तास उरतो. चौदा-पंधरा जण झाले की हा अर्धा तास पंधरा-वीस मिनिटांवर येतो आणि बोलणारे तेच तिघं-चौघं राहतात. यादी वाढत असेल तर दुसरा गट सुरू करा.

बैठक कशी चालवावी?

वार कायमचा ठरवा: महिन्यातला दुसरा शनिवार, संध्याकाळी पाच, असा. दर महिन्याला सगळ्यांच्या सोयीने तारीख काढायला गेलं की ती मागे मागे जाते, आणि पावसाळा संपेपर्यंत गट विरतो.

सुरुवातीला प्रत्येकाने पुस्तकातला आपल्याला भिडलेला एक उतारा मोठ्याने वाचावा, फार तर पानभर. यामुळे जे एरवी बोलत नाहीत त्यांचाही आवाज पहिल्या अर्ध्या तासात ऐकू येतो आणि पुढे त्यांना बोलणं सोपं जातं. मग त्या महिन्याच्या सूत्रधाराने तीन प्रश्न ठेवावेत. ‘पुस्तक आवडलं का?’ हा प्रश्न टाळा, कारण त्याला हो किंवा नाही एवढंच उत्तर मिळतं. कोणत्या पानावर पुस्तक बाजूला ठेवावंसं वाटलं? कोणत्या पात्राचं वागणं पटलं नाही? शेवट आणखी दहा पानं आधी झाला असता तर काय बिघडलं असतं? असे प्रश्न पुस्तक पुन्हा उघडायला लावतात.

खाण्याचं बंधन लिहून ठेवलेलं बरं: चहा आणि एक कोरडा पदार्थ. यजमानांमध्ये चढाओढ लागली की पुढच्या वर्षी बैठक घरी घ्यायला कुणी तयार होत नाही. आणि भज्यांच्या हाताने पान उलटलं की तेलाचा डाग जात नाही. पुस्तकं एका टेबलावर, खाणं दुसऱ्या खोलीत.

पुस्तक वाचून झालं नसेल तर यावं का?

यावं. पण शेवट ऐकायचा नाही म्हणून इतरांना गप्प बसवू नये.

पुस्तकं परत येत नाहीत. उपाय काय?

एक नोंदवही, आणि ती एकाच माणसाकडे. पुस्तकाचं नाव, कुणी नेलं, कधी नेलं, कधी आणलं, परत आलं तेव्हा अवस्था कशी होती, असे पाच रकाने पुरतात. शेवटच्या कव्हरच्या आतल्या बाजूला कागदाचा खिसा चिकटवून त्यात कार्ड ठेवलं तर पुस्तकच आपला प्रवास सांगतं. मालकाचं नाव पेन्सिलीने लिहा. बॉलपेनचा दाब मागच्या पानावर उमटतो, आणि स्केचपेनची शाई दमट हवेत पसरते.

दिवाळीच्या महिन्यात गट थंडावतो. मग काय करावं?

त्या काळात पुस्तक ठेवूच नका, दिवाळी अंक फिरवा. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाने दिवाळीचा अंक काढला तेव्हापासूनची ही आपली परंपरा आहे, आणि ती जणू भिशीसाठीच बनली आहे. प्रत्येकाने एकेक वेगळा अंक विकत घ्यायचा, म्हणजे बारा जणांना बारा अंक मिळतात. दर आठवड्याला ठरलेल्या क्रमाने पुढच्या घरी द्यायचा; फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सगळे अंक सगळ्यांचे वाचून होतात. २७ फेब्रुवारीला, म्हणजे कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी येणाऱ्या मराठी भाषा गौरव दिनाला, सगळ्यांनी मिळून त्यातली सर्वोत्तम कथा निवडायची. अंकाच्या मुखपृष्ठावर वाचून झालं की सही करायची पद्धत ठेवा, म्हणजे तो कुठे अडकला हे लगेच कळतं.

काही सभासद परदेशात आहेत. ऑनलाइन बैठकीला कोणती वेळ बरी?

रविवारी आपली रात्रीची साडेआठ. तेव्हा दुबईत संध्याकाळचे सात, लंडनला हिवाळ्यात दुपारचे तीन आणि उन्हाळ्यात चार, न्यूयॉर्कला सकाळचे दहा किंवा अकरा, कॅलिफोर्नियात सकाळचे सात किंवा आठ वाजलेले असतात. सिडनीला मात्र मध्यरात्र उलटलेली असते. तिथले सभासद असतील तर दर तिसरी बैठक आपल्या दुपारी घ्या. लंडन आणि अमेरिकेतली घड्याळं मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास पुढे-मागे होतात, त्या आठवड्यात आठवण करून द्या.

बैठकीत वाढदिवस कसा साजरा करावा?

वीस मिनिटांत, आणि चर्चेच्या आधी. पाटावर बसवून औक्षण करा: तबकात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, अंगठी. मग प्रत्येकाने त्या व्यक्तीला आवडेल अशी कवितेची एक ओळ किंवा चार वाक्यांचा उतारा वाचून दाखवायचा, आणि तोच स्वतःच्या अक्षरात लिहिलेला कागद हातात द्यायचा. बारा जणांच्या गटात अकरा कागद जमतात. तेच पुढे वहीत बांधता येतात. कसं, ते खाली आहे. कागद सगळ्यांना सारख्या मापाचा आधीच वाटा, नाहीतर कुणी कॅलेंडरच्या पाठीवर लिहून आणतं आणि कुणी पोस्टकार्डावर.

वय विचारू नये. साठी, पंचाहत्तरी त्या व्यक्तीने स्वतः सांगितली तरच तिचा गाजावाजा करावा.

हाताने भेट करायची तर किती दिवस आधी सुरुवात करावी?

एका फर्म्याची (एकात एक घातलेल्या कागदांच्या एकाच गठ्ठ्याची) शिवलेली वही एका संध्याकाळी होते. पुठ्ठ्याच्या कव्हरची वही करायला दोन दिवस धरा, कारण ती रात्रभर दाबाखाली राहायला हवी. खणाच्या कव्हरला दोन तास पुरतात, पण कापड आधी धुवून वाळवलेलं हवं. पिंपळपानाच्या जाळीला महिना, आणि सगळ्यांच्या हस्ताक्षरातल्या आठवणींच्या वहीला दोन महिने. शेवटच्यात वेळ शिवणीला लागत नाही, लोकांकडून पानं यायला लागतो.

वहीसाठी कागद कोणता घ्यावा?

बॉलपेनने लिहिणाऱ्यांसाठी ८० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) साधा कागद पुरतो, शाईच्या पेनाने लिहिणाऱ्यांसाठी १०० जीएसएम. हातकागद दिसायला सुरेख असतो आणि आपल्याकडे त्याची जुनी परंपरा आहे: जुन्नरचा कागद एके काळी सरकारी दप्तरांसाठी, म्हणजे कागदपत्रांसाठी, प्रसिद्ध होता, दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात तो आजही तयार होतो, आणि पुण्यात हातकागद संस्था आहे. पण कोपऱ्यावर शाईची एक रेघ ओढून बघितल्याशिवाय हातकागद वहीच्या आतल्या पानांना घेऊ नका. वरून खळीचा हात दिलेला नसेल तर शाई फुटते. असा कागद कव्हरला वापरा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कारखान्यात तयार झालेल्या कागदाचे तंतू एका दिशेने झोपलेले असतात, आणि कागद त्या दिशेला समांतर सहज दुमडतो. वहीची घडी तंतूंना समांतर आली तर पानं मऊ उलटतात. आडवी आली तर वही फुगते आणि उघडी ठेवली तरी मिटायला बघते. बाजारातल्या बहुतेक ए-४ कागदात तंतू लांबीच्या दिशेने असतात. तो मधोमध दुमडून ए-५ वही केली की घडी नेमकी आडवी येते. यावर उपाय स्वस्त आहे: ए-३ कागदाचं पाकीट घ्या आणि दुकानदाराकडूनच मशिनवर मधोमध कापून घ्या. मिळणारे तुकडे ए-४ मापाचेच, पण तंतू आडव्या बाजूला समांतर. खात्री करायला कागद न दुमडता दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा. जिकडे कमी विरोध, ती तंतूंची दिशा. पुण्यात अप्पा बळवंत चौकात, मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटवर हे सगळं एकाच फेरीत मिळतं.

वही शिवायची कशी?

साहित्य: वर सांगितल्याप्रमाणे कापलेले आठ कागद, कव्हरला २५० ते ३०० जीएसएमचा एक जाड कागद, गोधडीचा जाड सुती दोरा ५५ सेंटिमीटर, मेणबत्तीचा तुकडा, जाड सुई आणि दाभण. आठ कागदांची बत्तीस पानं होतात. बारा कागद घ्यायचा मोह होतो, पण तेवढ्या जाडीची घडी नीट बसत नाही.

कागद एकेक करून दुमडा, प्रत्येक घडीवर स्टीलच्या चमच्याची पाठ दाबून फिरवा, मग एकात एक घाला. कव्हर सर्वांत बाहेर. कव्हर दुमडण्याआधी पट्टी लावून न चालणाऱ्या बॉलपेनने घडीची रेघ दाबून घ्या, म्हणजे जाड कागद घडीवर फुटत नाही.

वही उघडी ठेवून, आतल्या बाजूने, घडीच्या रेघेवर तीन खुणा करा: वरून ३ सेंटिमीटर, १०.५ सेंटिमीटर आणि १८ सेंटिमीटर. खाली जुनी चप्पल किंवा थर्माकोल ठेवून दाभणाने भोकं पाडा. दाभण घडीच्या रेघेतच घुसलं पाहिजे. दोन मिलिमीटर सरकलं तरी बाहेरून शिवण वाकडी दिसते. सगळे कागद एकत्र धरूनच भोकं पाडायची, वेगवेगळी पाडली की जुळत नाहीत.

दोऱ्यावर मेण दोनदा ओढून घ्या. त्यामुळे तो गुंतत नाही आणि गाठ सुटत नाही. आता आतून मधल्या भोकातून सुई बाहेर काढा, आत ८ सेंटिमीटर शेपूट राहू द्या. बाहेरून वरच्या भोकातून आत या. आतल्या आत मधलं भोक ओलांडून थेट खालच्या भोकातून बाहेर जा. पुन्हा मधल्या भोकातून आत या, पण आधीच्या दोऱ्यात सुई खुपसू नका, नाहीतर तो ताणताच येत नाही. आता दोन्ही टोकं आत आहेत आणि मध्ये एक लांब टाका आहे. एक टोक टाक्याच्या डावीकडे, एक उजवीकडे घ्या, दोऱ्याचा ताण सारखा करा आणि टाक्यावरून दुहेरी गाठ मारा. टोकं दीड सेंटिमीटरवर कापा.

शेवटी वही मिटा. आतली पानं बाहेरच्यांपेक्षा जराशी पुढे आलेली दिसतील. हे चुकलेलं नाही, घडीच्या जाडीमुळे असंच होतं. स्टीलची पट्टी घट्ट दाबून नव्या पात्याच्या कटरने कडा सारखी करा. एका फटक्यात कापायला जाऊ नका. हलक्या हाताने सात-आठ वेळा पातं फिरवा.

दोरा ओढताना कागद फाटतो. का?

दोरा कागदापासून वर, म्हणजे काटकोनात ओढला जातोय. घडीच्या रेघेच्या दिशेने ओढा. पुठ्ठ्याची वही बांधणारे जुजबंदी (दुमडलेल्या गठ्ठ्यांची घडीतून केलेली शिवण) करताना हात नेहमी कण्याला, म्हणजे वहीच्या पाठीला, समांतरच नेतात, तो याचसाठी. तरीही फाटत असेल तर दोरा कागदाच्या मानाने बारीक आहे. शिवणाच्या रिळाचा दोरा वहीला चालत नाही, तो सुरीसारखा कापतो.

पुठ्ठ्याचं कव्हर वाळल्यावर वाकतं. काय चुकतं?

एकाच बाजूला कागद किंवा कापड चिकटवलेलं असतं. ओला कागद फुगतो, वाळताना आकसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. बाहेरून जेवढ्या वजनाचा कागद लावला, साधारण तेवढ्याच वजनाचा आतून अस्तर म्हणून लावला की दोन्ही ओढी एकमेकांना तोलतात. तंतूंची दिशा इथेही बघा: पुठ्ठा, कव्हर आणि अस्तर या तिन्हींचे तंतू कण्याला समांतर हवेत. चिकटवल्यावर कव्हर आणि पानांच्या मध्ये प्लास्टिकचा कागद घालून दोन पाटांमध्ये ठेवा आणि वर चार-पाच जाड पुस्तकं किंवा पाण्याने भरलेली कळशी ठेवून रात्रभर सोडा. पंख्याखाली उघडं वाळवलं की वाकणारच.

खळ घरी कशी करावी, की फेविकॉलच बरं?

कागदावर कागद लावायला खळ उत्तम. ती हळू वाळते, त्यामुळे वाकडा बसलेला कागद उचलून पुन्हा लावता येतो. एक वाटी मैद्याला पाच वाट्या पाणी हे प्रमाण. आधी थोड्या पाण्यात मैदा गुठळ्या मोडून कालवा, मग उरलेलं पाणी घालून मंद आचेवर सात-आठ मिनिटं ढवळत राहा. रंग पांढऱ्याचा अर्धपारदर्शक झाला आणि पळीवरून जाड धार पडली की उतरवा. थंड झाल्यावर गाळणीतून दाबून काढा. बाहेर ती दोन दिवस टिकते, फ्रीजमध्ये चार-पाच. आंबट वास आला की टाकून द्या.

कसर आणि झुरळं लागू नयेत म्हणून जुने बाईंडर खळीत मोरचूद घालत. भेटवस्तूत घालू नका. ते विषारी आहे, आणि लहान मूल वहीचा कोपरा तोंडात घालतंच.

कापड पुठ्ठ्यावर लावायला आणि कण्याच्या जागी फेविकॉल चांगला, तीन भाग फेविकॉलला एक भाग पाणी. पातळ कापडावर तसाच घट्ट लावला तर तो वरून झिरपतो आणि चकचकीत डाग दिसतो. आणि पावसाळ्यात चिकटवायची कामं ठेवूच नका. जून ते सप्टेंबर फक्त शिवायचं. चिकटवायला ऑक्टोबरनंतरची कोरडी हवा मिळाली तर अर्धे प्रश्न उद्भवतच नाहीत.

खणाच्या कापडाचं पुस्तकाचं कव्हर शिवायचं आहे. माप कसं काढावं?

पुस्तक मिटवून तीन मापं घ्या: उंची, एका बाजूची रुंदी, कण्याची जाडी. नेहमीच्या मराठी कादंबरीचं उदाहरण घेऊ: उंची २१.५, रुंदी १४, कणा २ सेंटिमीटर. आडवं कापड हवं १४ + २ + १४ = ३०, अधिक सैलपणाला १, दोन्ही बाजूंच्या खिशांना ७-७, आणि टोकांच्या दुमडीला १-१. एकूण ४७ सेंटिमीटर. उभं हवं २१.५, अधिक वरखाली शिवणीला १-१, अधिक सैलपणाला अर्धा-पाऊण. साधारण २४ सेंटिमीटर.

कापण्याआधी खण गार पाण्यात भिजवा, सावलीत वाळवा आणि पांढरा ओला रुमाल घासून बघा. गडद लाल आणि हिरव्या खणांचा रंग उतरतो, आणि तो दमट हवेत थेट पुस्तकाच्या मुखपृष्ठावर जातो. खणाचे धागेही लगेच सुटतात, म्हणून कापल्या कापल्या चारी कडांना इंटरलॉक करून घ्या.

आता डाव्या-उजव्या टोकांची एकेक सेंटिमीटर दुमड शिवा. कापड सुलट बाजू वर ठेवून पसरा, दोन्ही टोकं ७ सेंटिमीटर आत दुमडा, म्हणजे सुलट बाजूवर सुलट बाजू येते. खिशांच्या वरच्या आणि खालच्या कडेला एक सेंटिमीटर सोडून टीप मारा. कोपरे तिरके कापून खिसे उलटवा, मधल्या भागाची कड एक सेंटिमीटर आत दुमडून हातशिलाई करा. नक्षीला वर-खाली असेल तर ती आधी बघा. मोर उलटे झाले तर सगळं उसवावं लागतं.

पुस्तक घालून मिटवून बघा. कव्हर मिटताना पुठ्ठा बाहेरच्या बाजूला वाकत असेल तर आडवं माप कमी पडलंय. खिशाची शिवण उसवून अर्धा सेंटिमीटर सोडा. असं घट्ट कव्हर घालून ठेवलं तर पुस्तकाचा कणा निखळतो.

पिंपळपानाची जाळीदार खूण कशी करतात?

पान पूर्ण वाढलेलं, गडद हिरवं, कुठेही कीड न लागलेलं घ्या. कोवळं लालसर पान विरघळून जातं, झाडाखालचं पिवळं पान शिरांपाशी तुटतं. प्लास्टिकच्या डब्यात पाणी घालून पानं बुडवा, वर ताटली ठेवून दाबा आणि डबा गॅलरीत ठेवा, कारण वास येतो. दर तीन-चार दिवसांनी पाणी बदला. तीन-चार आठवड्यांनी पानाचा गर बोटाने सुटायला लागतो. मग पान सपाट ताटात, पाण्याखाली धरून, मऊ दात-ब्रशने मधल्या शिरेपासून कडेकडे घासा. उलट्या दिशेने घासलं की जाळी फाटते. देठाकडे आणि टोकाकडे सर्वांत सांभाळून. टीपकागदात ठेवून दोन दिवस दाबा.

नुसतं पान पुस्तकात फार टिकत नाही. ५ × १५ सेंटिमीटरच्या २५० जीएसएम कागदावर खळीचा अगदी पातळ थर देऊन बसवा. फुलं दाबायची असतील तर पातळ पाकळ्यांची घ्या, कॉसमॉससारखी. मोगरा, चाफा अशी रसदार फुलं तपकिरी पडतात. नेच्याची पानं फार सुंदर दाबली जातात. धातूची क्लिप खूण म्हणून देऊ नका. आपल्या पावसाळ्यात ती गंजते आणि पानावर कायमचा तांबडा ठसा ठेवते.

आजी-आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाला सगळ्यांच्या आठवणींची वही द्यायची आहे. नियोजन कसं करावं?

हजार पौर्णिमा साधारण ऐंशी वर्षं दहा महिन्यांना पूर्ण होतात, आणि समारंभ प्रथेने ८१व्या वर्षात कधीतरी होतो. तारीख ठरली की दोन महिने आधी कामाला लागा. सगळ्यांना ए-५ मापाचे कागद स्वतः पाठवा, १२० जीएसएमचे, आणि डाव्या बाजूला ३ सेंटिमीटरवर पेन्सिलीची रेघ मारून: ‘या रेघेच्या अलीकडे लिहू नये.’ तरी दोघं-तिघं लिहितातच, म्हणून चार कागद जास्त ठेवा. परत यायची तारीख समारंभाच्या एक महिना आधीची सांगा. ‘त्यांना शुभेच्छा लिहा’ असं सांगितलं तर सगळी पानं सारखी येतात. प्रश्न द्या: त्यांच्या हातचा कोणता पदार्थ, त्यांचं नेहमीचं वाक्य, त्यांनी कधी ओरडा दिला होता. मोठ्या अक्षरात, काळ्या शाईत लिहायला सांगा. वाचणाऱ्याचं वय आठवा.

सुटी पानं घडीत शिवता येत नाहीत. ती डाव्या कडेने बांधायची. वर-खाली जाड कागदाचं कव्हर ठेवा, सगळं चिमट्यांनी आवळा, कडेपासून दीड सेंटिमीटरवर चार भोकं पाडा: वरून २, ७.७, १३.३ आणि १९ सेंटिमीटर. मेण लावलेला दोरा वहीच्या उंचीच्या सहापट घ्या. प्रत्येक भोकातून जाताना दोरा एकदा कण्याभोवती गुंडाळून त्याच भोकात आणा, मग पुढच्या भोकाकडे जा. दोन्ही टोकांच्या भोकांतून वरच्या आणि खालच्या कडेवरूनही एकेक वेढा द्या, आणि परत येताना रिकाम्या राहिलेल्या जागा भरत पहिल्या भोकापाशी गाठ मारा. ही बांधणी पूर्ण सपाट उघडत नाही, ३ सेंटिमीटरचा समास त्यासाठीच सोडायचा. चाळीसपेक्षा जास्त पानं झाली तर दाभण चालत नाही, झेरॉक्सच्या दुकानात ड्रिल करून मिळतं.

आवडत्या कविता हाताने उतरवून वही दिली तर कॉपीराइटचा प्रश्न येतो का?

घरातल्या माणसाला एक प्रत स्वतःच्या अक्षरात लिहून देण्यात कुणाची हरकत नसते. खाली कवीचं नाव आणि संग्रहाचं नाव लिहा. पन्नास प्रती छापून वाटायच्या किंवा विकायच्या असतील तर मात्र परवानगी लागते. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ पासून सर्वांसाठी खुलं आहे.

सहा-सात वर्षांच्या मुलांना जमेल असं काही?

एका ए-४ कागदाचं आठ पानी पुस्तक, शिवण नाही, गोंद नाही. कागद आडवा धरून दोनदा उभा आणि एकदा आडवा दुमडा, म्हणजे उघडल्यावर आठ चौकोन दिसतात. उभा मधोमध दुमडून, घडीच्या बाजूने मधल्या आडव्या रेघेवर कात्री लावा आणि पुढच्या रेघेपर्यंतच कापा. उघडल्यावर कागदाच्या मध्यभागी फट दिसली पाहिजे. कडेला दिसली तर उलट्या बाजूने कापलंय. आता कागद आडव्या रेघेवर लांब दुमडा आणि दोन्ही टोकं एकमेकांकडे ढकला. फट उघडून अधिकचं चिन्ह तयार होतं, ते एका बाजूला मिटवलं की पुस्तक झालं. चित्रं आणि मजकूर घड्या घातल्यावर, पानांना पेन्सिलीने आकडे टाकून मगच काढायला सांगा. आधी काढलं की चार पानं डोक्यावर उभी राहतात.

भेट गुंडाळायची कशात? आणि पोस्टाने पाठवायची असेल तर?

जुन्या सुती साडीच्या चौकोनी तुकड्यात, गाठ मारून. सेलोटेप लावायची नाही. ती काढताना हातकागदाचं कव्हर सोलून निघतं. पोस्टाने पाठवताना वही आधी प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करा, मग वहीपेक्षा एकेक सेंटिमीटर मोठ्या दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवा. मार लागतो तो नेहमी कोपऱ्यांना, म्हणून पुठ्ठा बाहेर आलेला हवा. पत्ता पुठ्ठ्यावर न लिहिता कागदावर लिहून चिकटवा, वरून पारदर्शक टेप लावा, आणि तोच पत्ता एका चिठ्ठीवर आतही ठेवा.